आपल्या निंबाची तब्येत

(१९९१ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



माइकसमोर उभं राहायची मला सवय नाही. माझं बहुतेक बोलणं जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवरून, खाली ओरडून होतं. "बाजूला व्हा", "दोर ढिला सोडा", "चहा आला का" एवढाच माझा शब्दसंग्रह. त्यामुळे काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

काल रात्री आपण सगळे जमलो तेव्हा प्रत्येकाने काय करतो ते सांगितलं. कोणी डॉक्टर, कोणी बँकेत, कोणी चिखलीला दुकान टाकलेलं, दोघी मुख्याध्यापिका. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, "झाडं कापतो." त्यावर मागून आवाज आला, "काय बे, त्यासाठी पुण्याला जा लागते काय? इथं का कमी झाडं कापून रायले लोक?" सगळे हसले, मीही हसलो. प्रश्न मात्र बरोबर होता. उत्तर रात्री देता आलं नाही, म्हणून आज संयोजकांकडून वीस मिनिटं मागून घेतली.

दहावीनंतर माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. बारावीला विज्ञानात आपटलो. मामाच्या ओळखीने पुण्यात एका रोपवाटिकेत कामाला लागलो. तिथे झाडं छाटायला एक मुकादम यायचे. वय साठीच्या घरात, अनवाणी चढायचे, कमरेला कोयता, खांद्यावर दोर. त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. झाडावर चढायला त्यांनी शिकवलं. झाड वाचायला मात्र मी पुढे हळूहळू, पुस्तकांतून आणि चुकांतून शिकलो. आता माझ्याकडे सहा माणसं आहेत. इंग्रजीत याला 'ट्री सर्जरी' म्हणतात. माझे वडील गावात 'झाडाचा डॉक्टर' म्हणून सांगायचे. मी स्वतःला छाटणीवालाच म्हणतो.

ही पिशवी मुद्दाम आणली आहे. पुढे पाठवतो, हाताळून बघा.

हा दोर. साधारण १२ मिलिमीटर जाडीचा आहे आणि दोन टनांहून जास्त वजन पेलतो. विहिरीचा नायलॉनचा दोर आणि हा दिसायला सारखे वाटतात, पण विहिरीच्या दोरावर मी आता जीव टांगत नाही. ही पोलादी कडी म्हणजे कॅराबिनर. तिच्यावर २२ केएन असं कोरलेलं आहे, म्हणजे ढोबळमानाने २,२०० किलो. हा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, हार्नेस. आणि ही गाठ बघा. बारीक दोर जाड दोराभोवती गुंडाळला आहे. मोकळी असताना सरकते, वजन पडलं की आवळते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली ती मांडली, म्हणून तिला प्रुसिक गाठ म्हणतात. माझं घर गेली वीस वर्षं या गाठीवर चाललं आहे.

चेनसॉ आणली नाही, सभागृहात चांगली दिसली नसती. पण एक सांगून ठेवतो, कारण हल्ली शेतात ती बऱ्याच जणांकडे आली आहे. तिच्या पात्याच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की यंत्र क्षणात उलटून तोंडाकडे येतं. म्हणून शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवू नका, एका हाताने तर कधीच नाही. तिच्यासाठी खास पँट मिळते. आतल्या धाग्यांत साखळी अडकून थांबते. महाग आहे, पण पायापेक्षा स्वस्त.

आणि ही शेवटची वस्तू, लाकडी हातोडी. पिशवीतलं सगळ्यात स्वस्त हत्यार आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. तिच्याकडे नंतर येतो.

आता झाडाबद्दल. आपल्याला खरचटलं की खपली धरते, नवी कातडी येते, जखम भरते. झाडाची जखम अशी भरत नाही. कुजलेला भाग झाड पुन्हा ताजा करू शकत नाही. ते त्याच्याभोवती आतून भिंती घालतं, कुज तिथेच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. अमेरिकेत ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी चेनसॉने झाडं उभी चिरून हे दाखवलं. त्याआधी माणसं झाडं आडवी कापून बघत होती, त्यामुळे आतली कुज वर-खाली कशी पसरते ते नीट दिसत नव्हतं. शिगोंच्या कामानंतर, १९७० च्या दशकापासून, आमच्या धंद्यातले जुने नियम एकेक करून मोडले.

पूर्वी खोडातल्या ढोलीत सिमेंट भरायचे. मीही भरलं आहे, पैसे घेऊन भरलं आहे. वाऱ्याने झाड हलतं, सिमेंट हलत नाही. मग फट पडते, पाणी मुरतं आणि कुज आत सुखाने वाढते. कापल्या जागी डांबर फासायचो, त्याचाही उपयोग नाही. फांदी खोडाला अगदी घासून कापायचो, दिसायला साफ दिसावी म्हणून. ती तर सगळ्यात वाईट चूक. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, शर्टाच्या कॉलरसारखा. भिंत घालायची झाडाची ताकद त्या फुगवट्यात असते. तो ठेवून, त्याच्या किंचित बाहेर कापायचं.

जड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी साल न ओरबाडता पडते. मग उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेर तिसऱ्या कापाने काढायचा. घरी आंब्याची फांदी काढाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. संग्रामपूर, जळगाव जामोदकडचे आपले संत्रावाले मित्र विचारतील, "मग बोर्डो पेस्ट?" एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्यासाठी ती लावताच, लावत राहा. तो वेगळा रोग आहे. मी बोलतोय ते मोठ्या झाडांच्या आतल्या कुजीबद्दल.

ही कुज करतं कोण? इथे मला सरांकडे बघावं लागतं.

सर, तुम्हाला आठवत असेल. आठवीत, ऑगस्ट महिन्यात, तुम्ही आम्हाला खामगाव रोडने बोथ्याच्या जंगलात नेलं होतं. त्याला तेव्हा ज्ञानगंगा अभयारण्य हे नाव मिळालं नव्हतं, ते १९९७ साली मिळालं. पुढे २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून शेकडो किलोमीटर चालत त्याच जंगलात आला आणि बुलढाण्याचं नाव जगभर गेलं. आमच्या सहलीत मात्र वाघ नव्हता, चिखल होता. एका वारुळाजवळ पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या आणि आम्ही त्या लाथेने उडवत होतो. तुम्ही ओरडला नाहीत. बसलात, आणि एक छत्री बोटांनी हळूहळू खणायला लागलात. तिचा देठ खाली खाली जातच राहिला, हातभर. तुम्ही म्हणालात, "ही छत्री म्हणजे नुसतं फळ आहे रे. झाड खाली आहे, धाग्यांचं. आणि त्याची शेती उधई करते." सर, त्या दिवशी मला ते कळलं नव्हतं. आता रोज त्याच वाक्यावर पोट भरतो.

झाडावर दिसणारी बुरशी हे फळच असतं. ते दिसतं तेव्हा आत धागे बऱ्याच वर्षांपासून जेवत असतात. म्हणून बुरशी दिसली की पहिला प्रश्न 'ही कोणती?' हा नसतो. 'ही कुठे उगवली आहे?' हा असतो.

वाळक्या फांदीवर नखाएवढे पांढरट, केसाळ पंखे दिसले तर एक पंखा उलटा करून बघा. खालच्या पट्ट्या मधोमध चिरल्यासारख्या दिसतील. त्याचं नाव शिझोफायलम. आंब्याच्या वाळल्या फांद्यांवर पावसाळ्यात हमखास येते आणि बहुतेक वेळा मेलेलंच लाकूड खाते. मऊ, तपकिरी, माणसाच्या कानासारखी दिसली तर ऑरिक्युलॅरिया, तीही बहुधा मेलेल्या लाकडावर. सडक्या खुंटातून काळी बोटं वर आल्यासारखी दिसली तर झायलेरिया. रात्री बघितली तर घाबराल, पण ती तुमचं काही करत नाही.

घाबरायचं ते दुसरीला. खोडाच्या बुडाशी, जमिनीलगत, अर्ध्या ताटासारखी कडक बुरशी. वरून तांबूस तपकिरी, वार्निश मारल्यासारखी चमकणारी. वाढत असते तेव्हा कड पांढरी. खाली पट्ट्या नसतात, टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. आणि आजूबाजूच्या पानांवर, दगडांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी पडलेली असते. ही गॅनोडर्मा. ती लाकडातला लिग्निन खाते, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा भाग. उरतं ते पांढरट, ओलसर, दोऱ्यांसारखं. वरती पानं हिरवीगार असतात, कारण पाणी नेणारा बाहेरचा थर अजून चालू असतो. झाड तब्येतीने छान दिसतं आणि एका वाऱ्यात बुडापासून जातं.

खाण्याच्या अळंबीबद्दल काल दोघींनी विचारलं, म्हणून एवढंच सांगतो. पूर्व विदर्भात सात्या आवडीने खातात आणि ओळखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. पण चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे बिनविषारी, किडे लागलेत म्हणजे चांगली, हे सगळं खोटं आहे. अंगणातल्या गवतात उगवणारी एक मोठी पांढरी छत्री हुबेहूब खाण्याच्या अळंबीसारखी दिसते. तिची टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली तर सकाळी हिरवट भुकटी पडते. ती खाल्ली तर ओकाऱ्यांनी दवाखाना गाठावा लागतो. फोटो पाठवून मला विचारू नका, फोटोवरून मी खायची परवानगी देत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वी एका सोसायटीत गुलमोहर छाटायला गेलो. बुडाला अशीच चमकदार बुरशी होती. सेक्रेटरी म्हणाले, "हे घाण दिसतंय, काढून टाका." मला ती काय आहे ते तेव्हा माहीत होतं. पण सांगितलं असतं तर झाड तपासावं लागलं असतं, कदाचित काढावं लागलं असतं, लोक नाराज झाले असते आणि छाटणीचं काम हातचं गेलं असतं. मी कोयत्याने बुरशी उडवली, वर चुना लावला आणि पैसे घेतले. पुढच्या जूनमध्ये तो गुलमोहर वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीवर पडला. खोली सपाट झाली. वॉचमन त्या वेळी चहा आणायला गेला होता. त्याची बायको गावी गेली होती. मी जाऊन बघितलं. त्यांची खाट दुमडलेल्या पत्र्याखाली होती.

तेव्हापासून दिसतं ते बोलायचं, असं ठरवलं. आणि म्हणूनच आज इथे उभा आहे.

काल सकाळी तुम्ही कोणी यायच्या आधी मी हातोडी घेऊन शाळेत आलो होतो. आपल्या निंबाभोवती फिरलो. ज्याच्याखाली आपण प्रार्थना म्हटली, ज्याच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि शिपाईकाका तो बडवायचे, तो निंब. त्या घंटेची तार अजून फांदीत आहे. लाकडाने ती गिळली आहे, वरून फक्त आवळल्याचा वळ दिसतो.

खोडावर हातोडी मारत गेलो. चांगलं लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकूड ढोलकीसारखं. तीन बाजू टणक आहेत. चौथी, बालवाडीच्या वर्गाकडची, साधारण पाव घेर, ढोलकीसारखी वाजते. आणि तिथेच, पाराच्या फरशीच्या फटीतून, तीन गॅनोडर्मा बाहेर आल्या आहेत. वाळलेल्या आहेत, पण फरशीवर भुकटी पडलेली आहे.

आता पाराबद्दल. तो पार कोणी बांधला ते सगळ्यांना माहीत आहे. आपण. दहा वर्षांपूर्वी, पंचविशीच्या मेळाव्यात. वर्गणी काढली, काँक्रीटचा गोल पार केला, आत दोन फूट माती भरली, वर ग्रॅनाइट बसवलं, आपल्या बॅचचं नाव कोरलं. पायासाठी चर खोदला तेव्हा मुळं तुटली. मातीने खोडाचं बूड गाडलं गेलं आणि तिथली साल ओली राहू लागली. वड-पिंपळ अशा वेळी खोडातून नवी मुळं काढू शकतात. निंबाला ते तसं जमत नाही. मुळांना जमिनीतून हवा लागते, तीही आपण झाकली. बुरशी आपण आणली नाही, पण दार उघडून दिलं.

मला सगळ्यात जड जातं ते पुढचं सांगायला. पार ठरला तेव्हा मी इथेच होतो. तेव्हा या धंद्यात मला पंधरा-वीस वर्षं झाली होती. मला कळत होतं. पण तुम्ही सगळे मोठमोठ्या हुद्द्यांवर, उत्साहात, आणि मी छाटणीवाला. 'हा कशाला मोडता घालतोय' असं कोणी म्हणेल, म्हणून गप्प बसलो आणि पाच हजार रुपये वर्गणी दिली. तेव्हा हे तुमच्यावर ढकलत नाही. इथे हे कळणारा एकच माणूस होता आणि तो बोलला नाही.

आता काय करायचं? काल रात्री सरांनी विचारलं, "वाचेल का रे?" सर, मी तुम्हाला कोलकात्याच्या वडाची गोष्ट सांगितली. तिथल्या वनस्पती उद्यानातल्या प्रचंड वडाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांचे तडाखे बसले, खोडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये मूळ खोडच काढून टाकावं लागलं. तरी तो वड आज हजारो पारंब्यांवर उभा आहे. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धीच कामाची. वडाला पारंब्या असतात, निंबाला नसतात. निंबाला एकच खोड.

पण पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. लोखंडी नळीही पोकळ असते आणि वजन पेलते. प्रश्न भिंत किती जाड उरली आहे हा असतो. साधारण हिशोब असा, की चांगल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेली की धोका वाढतो. आपल्या निंबाची किती उरली आहे ते हातोडीने कळत नाही. बारीक सुईसारखं ड्रिल आत घालून मोजणारं यंत्र असतं. ते मी पुढच्या महिन्यात घेऊन येतो.

तोपर्यंत माझं म्हणणं चार गोष्टींचं आहे.

एक, बालवाडीचा वर्ग उद्यापासून दुसऱ्या खोलीत हलवावा. मुख्याध्यापकांशी बोललो आहे, ते तयार आहेत.

दोन, वर्गावर आलेली फांदी, तीच घंटेची तार असलेली, हलकी करावी. त्यासाठी नगरपरिषदेची परवानगी लागेल. झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा शहरातल्या झाडांना लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं. आपला निंब त्याहून मोठा आहे. अर्ज लिहून आणला आहे, सह्या हव्या आहेत.

तीन, या वर्षी आपण पाराला नवी फरशी आणि कमान करणार होतो. ती करू नये. त्या पैशांतून पार काढावा, माती उपसावी, बूड मोकळं करावं. जेसीबी लावायचा नाही, उरलेली मुळंही जातील. हाताने, टिकाव आणि पहारीने.

चार, यंत्राने वाईट सांगितलं तर झाड काढायची तयारी ठेवावी. ते मी स्वतः, वरून एकेक फांदी उतरवत काढेन. कोणाच्या अंगावर पडू देणार नाही. या उन्हाळ्यात त्याच्या निंबोळ्या गोळा करून ठेवू. निंबोळी लवकर पेरावी लागते, फार दिवस टिकत नाही. रोपं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावू, आणि त्यांच्याभोवती कोणीही काहीही बांधणार नाही.

या सगळ्याची मजुरी नाही. माझी वर्गणी समजा, दहा वर्षं उशिरा दिलेली.

आणखी एक. आजचं रात्रीचं जेवण निंबाखाली ठेवलं होतं. ते या सभागृहात हलवलं आहे. मंडपवाल्याने कुरकूर केली, जेवणाच्या समितीनेही केली. त्यांची मी माफी मागतो. वारा नव्हता, काही झालं नसतं, असं उद्या सगळे म्हणतील, आणि तसंच म्हणता यावं अशी माझी इच्छा आहे.

उद्या सकाळी सात वाजता मी पाराजवळ असेन. पहार, टिकाव, घमेली आणली आहेत. आपलं सगळ्यांचं वय पन्नाशीचं आहे, डॉक्टर मंडळी हजर आहेत, तेव्हा झेपेल तेवढंच करा. ज्या फरशीवर आपल्या बॅचचं नाव आहे ती मी आधी काढणार आहे. फोडणार नाही, नीट काढून मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवू.

सर, तुम्ही यायची गरज नाही. पण आलात तर खुर्ची ठेवतो. जरा लांब, टणक वाजणाऱ्या बाजूला.